ओळख न दाखवणाऱ्या बाई

बाजारात समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला ओळख न दाखवता पुढे कसं निघून जायचं, हे मला बाईंनी शिकवलं. नजर चुकवायची नाही, कारण चुकवलेली नजर समोरच्याला लगेच कळते. त्याच्या कपाळाच्या जरा वर बघायचं, चाल बदलायची नाही आणि मनातल्या मनात आज भाजी कुठली घ्यायची याचा विचार करायचा. बाईंना हे इतकं झकास जमायचं की लोणावळ्याच्या बाजारात निम्मे लोक त्यांना गर्विष्ठ समजायचे आणि उरलेल्यांना वाटायचं, मोतीबिंदू वाढलाय.

बाई म्हणजे आमच्या चर्चच्या बाई. मूळच्या नगरकडच्या. मिशनच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून उभं आयुष्य काढून निवृत्त झाल्या आणि भांगरवाडीत एका खोलीत राहायला आल्या. त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे पाळकसाहेबांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या नुसत्या बाई. उंच, हाडकुळ्या, पांढरी सुती साडी आणि पायात बारा महिने काळे गमबूट. लोणावळ्याच्या पावसात गमबूट कुणीही घालतं, पण बाई मे महिन्यातही घालायच्या. का म्हणून विचारलं तर एकच शब्द म्हणायच्या, "साप." भर बाजारपेठेत कुठला आलाय साप, हे विचारायची हिंमत कुणी केली नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम भरायचा. त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते फक्त देणगीदारांना पाठ होतं. आम्ही त्याला गुरुवार म्हणायचो. तंगीत रुतलेलं एक घर आणि त्याच्या सोबतीला चर्चमधलं एक घर, अशा जोड्या लावायच्या. दोन वर्षं दर गुरुवारी एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण आणि जेवता जेवता त्या घरानं आपलं आपण ठरवायचं की यातून वर कसं निघायचं. आम्ही सोबत्यांनी फक्त बरोबर चालायचं. दाखल्यासाठी वडगावला तहसील कचेरीत जायचं असेल तर बरोबर जायचं, पोराला शाळेत घालायचं असेल तर हेडमास्तरांशी बोलायचं, कुणाच्या ओळखीनं काम मिळत असेल तर ती ओळख वापरायची. यायचे ते बहुतेक आसपासच्या गावांतले, बंगल्यांवर झाडलोट करणाऱ्या बायका, चिक्कीच्या कारखान्यात पाकिटं भरणाऱ्या, बांधकामावरचे. त्यात मराठे होते, मुसलमान होते, आमच्या चर्चमधलं एखादंच घर असायचं. पहिल्या गुरुवारी एका नव्या पाळकांनी जेवणाआधी दोन्ही हात वर करून लांब प्रार्थना सुरू केली, तेव्हा बाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. "ज्यानं त्यानं आपल्या देवाचं नाव घ्यावं, आणि मनात घ्यावं. भाजी गार होते."

मी शाळेत शिकवते. गुरुवारी शेवटचा तास संपेपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असायचे आणि त्यानंतर हॉलमध्ये जाऊन खुर्च्या लावायच्या, पातेली घासायची. मी फार मोठ्या मनानं तिथे गेले असं नाही. बाईंनी मला उपासनेनंतर गाठून विचारलं होतं, "संध्याकाळी काय करतेस?" मी "काही नाही" म्हणाले. त्या दोन शब्दांवर पुढची कित्येक वर्षं गेली.

सोबत्यानं सगळ्यात आधी काय करायचं, तर त्या घरी जेवायला जायचं. रिकाम्या हातानं. यावर बाई फार कडक. मी पहिल्यांदा जवळच्या औंढ्याला, माझ्या जोडीला आलेल्या शालनच्या घरी निघाले तेव्हा पिशवीत बिस्किटाचे पुडे टाकले होते, म्हटलं, घरात पोरगी आहे. बाई गावाच्या फाट्यावर उभ्या. पिशवी तपासली, पुडा काढला आणि तिथेच दगडावर बसून खायला लागल्या.

"पाहुणी म्हणून जातेस की वाटप करायला?" तोंडात बिस्कीट तसंच ठेवून त्यांनी विचारलं. "तिच्या घरचं खाऊन ये. आधी तिनं तुला दिलं पाहिजे."

शालनच्या घरी त्या दिवशी भाकरी, मिरचीचा खर्डा आणि माझ्यासाठी मुद्दाम केलेलं एक अंडं होतं. तिची मुलगी रेश्मा त्या अंड्याकडे बघत नव्हती, आणि ती बघत नाही हे मला दिसत होतं. मी ते अंडं खाल्लं. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता तू तिच्याशी नीट बोलशील."

कुणी रडायला लागलं की बाई गप्प ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "पुढे?" नवरा पितो. पुढे? दीर घराबाहेर काढतो. पुढे? पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला त्या दगडाच्या वाटल्या. पण बायका मात्र डोळे पुसून खरंच पुढचं सांगायला लागायच्या. आमच्यातल्या एका सोबत्याला मोबाइलवर फोटो काढायची भारी हौस होती. तो फोन काढायचा अवकाश, बाई त्याच्यासमोर छत्री उघडायच्या. हॉलमध्ये, छपराखाली, भसकन उघडलेली काळी छत्री. त्या कार्यक्रमाचे जे काही फोटो चर्चकडे आहेत त्यांत नव्वद टक्के छत्रीच आहे.

पण बाईंचा सगळ्यात विचित्र नियम म्हणजे तो ओळखीचा. दोन वर्षं झाली, घर आपल्या पायांवर उभं राहिलं की शेवटच्या गुरुवारी गोडाचं जेवण व्हायचं आणि बाई त्या घराला सांगायच्या, "आता यायचं नाही. बाहेर भेटलो तर तुम्हाला वाटलं तर बोला, नाही वाटलं तर नका. आम्ही आधी बोलणार नाही." आणि आम्हाला बजावायच्या, ओळख त्यांनी दाखवायची, आपण नाही. दोन वर्षं ज्यांच्या ताटात जेवलो, ज्यांच्या पोरांचे पाढे घेतले, त्यांच्यासमोरून परक्यासारखं निघून जायचं. मला हे कधीच पटलं नाही. मी पाळलं, कारण बाईंशी भांडायला लागणारी ताकद माझ्यात शाळेनंतर उरलेली नसायची.

एकदा मी चिडून विचारलं, तेव्हा त्यांनी कांदा चिरता चिरता सांगितलं. लहानपणी त्यांना एका मिशनबाईंनी दुष्काळात वसतिगृहात आणलं, शिकवलं, नर्सिंगला घातलं. मिशनबाई प्रेमळ होत्या. बाईंच्या लग्नाला मुद्दाम आल्या आणि सगळ्या वऱ्हाडासमोर कौतुकानं म्हणाल्या, "काय हाडाची काडी होती ही! शेणातले दाणे वेचून खात होती, मी उचलून आणली."

"पुढे?" मी त्यांच्याच शब्दात विचारलं.

"पुढे काय? सासरी कायमचं तेच नाव पडलं. उचलून आणलेली." कांदा संपला होता तरी त्यांची सुरी चालूच होती.

गुरुवारच्या सगळ्याच गोष्टी गोड झाल्या असं कुणी समजू नये. कुणी मधूनच यायचं बंद केलं. एकीनं मिळालेलं शिलाई मशीन नवऱ्यानं विकलं म्हणून सांगितलं, मग कळलं तिनंच विकलं होतं. एक घर दीड वर्षात वर आलं आणि एका आजारपणात परत होतं तिथे गेलं. बाई नव्यानं सुरुवात करायच्या. मी घरी येऊन पाय गरम पाण्यात बुडवून बसायचे आणि ठरवायचे की पुढच्या गुरुवारी जायचं नाही.

शालनचं मात्र जमलं, दोनाऐवजी चार वर्षं लागली तरी. ती आधी शनिवार-रविवारी पर्यटकांचे बंगले झाडायची. दुसऱ्याच्या बंगल्यात उष्टं काढता काढता तिच्या लक्षात आलं की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हवं असतं पिठलं-भाकरी, आणि ते करणारं कुणी नसतं. तिनं डबे द्यायला सुरुवात केली. रेश्मा नर्सिंगला गेली. तिचं इंग्रजी मी घेतलं, तिचा फॉर्म भरायला मी गेले, परीक्षेच्या वेळी ती माझ्या घरी राहून अभ्यास करत होती. मला मूल नाही. मी तिच्यात गुंतले होते, हे लपवण्यासारखं नाही. ती पास झाली, तळेगावात एका दवाखान्यात लागली आणि मायलेकींनी तिथून जवळच वराळ्यात खोली घेतली. शेवटच्या गुरुवारी शालननं पुरणपोळ्या केल्या. त्यानंतर त्या दोघी मला परक्या झाल्या.

त्याच सुमारास पुण्याहून देणगीदारांची मंडळी येणार असं ठरलं. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी मला शाळेत येऊन भेटले. चांगला माणूस, पण घाबरट. म्हणाले, "पाहुण्यांचं एकच म्हणणं आहे. वर आलेलं एक घर समोर उभं करा. आधी कसे होतो, आता कसे आहोत, एवढं त्यांच्या तोंडून ऐकू दे. मग पुढची तीन वर्षं गुरुवार चालेल. नाहीतर बंद."

"बाईंना विचारलंत?"

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

तेव्हा गुरुवारला कांता नावाची एक बाई नुकतीच यायला लागली होती. तुंगार्लीकडे एका बंगल्याचं बांधकाम चालू होतं, तिथे वाळूच्या ढिगाशेजारी ताडपत्रीखाली तिचं घर. नवरा सेंट्रिंगवरून पडून कमरेतून गेलेला, आणि सहा-सात वर्षांची एक मुलगी, शाळेत न घातलेली. कांता तीन आठवडे काहीच बोलली नव्हती. चौथ्या गुरुवारी पहिल्यांदा म्हणाली, "पोरीला साळंत घालायची हाय." मला वाटलं, शालन उभी राहून दहा मिनिटं बोलली तर कांताला दोन वर्षं मिळतील. यात वाईट काय? मी वराळ्याला जायचं ठरवलं.

शनिवारी दुपारी स्टेशनवर गेले तर फलाटाच्या बाकावर बाई, गमबूट घालून. सेक्रेटरींच्या पोटात राहिलं नव्हतं.

"मी अडवणार नाही," त्या म्हणाल्या. "विचारणार तू, उत्तर देणार ती. मी फक्त बघायला येते."

लोकलनं तळेगावला उतरलो, तिथून रिक्षानं वराळ्याला. सगळीकडे नव्या इमारती, त्यांतून शालनची चाळ शोधून काढली. दारासमोर ढीगभर चपला होत्या. पुरुषांच्या, बायकांच्या, एक नवा कोरा बुटांचा जोड. आत सतरंजीवर पाहुणे बसलेले, मध्ये पोह्यांच्या बशा, आणि कोपऱ्यात साडी नेसलेली रेश्मा खाली बघत बसली होती. तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. शालन दारात आली, आम्हाला बघितलं आणि चौकट धरून उंबऱ्यावरच थांबली.

मी तोंड उघडायच्या आत बाई पुढे झाल्या. "इथं भाड्यानं खोली आहे म्हणून कळलं. हीच का?"

शालन त्यांच्याकडे बघत राहिली. मागून एक जाडसर बाई, म्हणजे मुलाची आई, पोह्याची बशी हातात घेऊनच उठून आली. "खोली व्हय? हितं न्हाई वो. फुडं दत्ताच्या देवळामागं इचारा, तितं लय खोल्या हायेत."

"न्हाई बाई," शालन कशीबशी म्हणाली. "हितं खोली न्हाई."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि वळल्या.

रिक्षापर्यंत मी बाईंच्या पुढे भराभर चालत गेले. रेश्मानं मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं होतं आणि परत खाली घातली होती, ते मला जाळत होतं. बाई मात्र खुशीत होत्या. "पाहिलंस? तोंडावर 'न्हाई बाई' म्हणाली. पाय पक्के झाले तिचे." गाडीत बसल्यावर त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं की शालनला फोन करायचा नाही. शालनचाही आला नाही.

त्या दिवसानंतर त्यांनी दुसऱ्या कुठल्याच घराला विचारू दिलं नाही. पाहुणे आले, पुढच्या खुर्च्यांवर बसले. सेक्रेटरींनी घाम पुसत बाईंना बोलायला सांगितलं. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दाखवायला कुणी नाही. जे उभे राहिले ते निघून गेले. तेच काम होतं." आणि खाली बसल्या. पाहुण्यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या, सामोसे खाल्ले, हॉलची उंची छान आहे म्हणाले आणि गेले. पावसाळ्याच्या तोंडाशी गुरुवार बंद झाला. आम्ही काही दिवस आपापल्या घरून भाजी-पोळी नेऊन ओढलं, पण चार बायकांच्या डब्यांवर किती ओढणार? हॉल आता वाढदिवसांना भाड्यानं देतात. खरं सांगायचं तर बंद झाला तेव्हा दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. गुरुवारी शाळेतून सरळ घरी जाऊन मी झोपायचे.

बाईंनी त्यानंतरही बाजारात कुणाला ओळख दाखवली नाही. पण आता त्या खरंच थकल्या होत्या. परवाच्या पावसाळ्यात खोलीच्या पायरीवरून घसरल्या, गमबुटांसकट, आणि खुब्याचं हाड मोडलं. जवळचं कुणी नव्हतं म्हणून सगळं माझ्यावर आलं. ऑपरेशन तळेगावच्या दवाखान्यात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले तर बाईंचं अंग पुसत होती रेश्मा.

बाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि झोपल्याचं सोंग करत होत्या. मी आत आलेली कळताच डोळे न उघडता पुटपुटल्या, "हिला दुसरीकडे ड्युटी द्यायला सांग. सासर जवळच आहे हिचं. कुणीतरी विचारेल."

रेश्मानं ऐकलं, पण हात थांबवला नाही. इतक्यात दारातून डबा घेऊन तिची सासू आली. तीच, पोह्याच्या बशीवाली. सुनेचा डबा राहिला होता म्हणून आली होती. खाटेजवळ थबकली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बया! ह्या तर खोली बघाय आलत्या त्या बाई! घावली का वो खोली?"

"मिळाली," बाई म्हणाल्या.

"आई, पुरे आता," रेश्मा म्हणाली. मग बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, यांना सगळं माहिती आहे. त्याच दिवसापासून."

बाईंनी डोळे उघडले.

"व्हय तर," सासू खाटेच्या कडेला टेकली. "तुमची पाठ फिरली आन शालनताई उंबऱ्यातच बसल्या, रडाय लागल्या. म्हनल्या, ज्यांनी आमाला उबं केलं त्यांनाच मी दारातनं परत लावलं. मंग समदं सांगितलं. अंगावर लुगडं नव्हतं तितपतूर. माझ्या मालकांनी लगी चपला घातल्या, नाक्यापतूर पळत आले, तर तुमची रिक्षा गेलेली. तवाच ते म्हनले, ह्याच घरची पोरगी करायची."

"मग लग्नाला का नाही बोलावलंत?" हे मी विचारलं.

रेश्मानं फडका पिळला. "बाईंनीच खोली विचारली ना. माझ्या आईला वाटलं, बाईंना आता आमच्याशी संबंध नको. नियमच होता. लग्नानंतर तुम्ही मला बाजारात दिसलात. मी थांबले होते, मॅडम. तुम्ही वर बघत निघून गेलात."

मी तिचा ओला हात धरला आणि रडले. सासूनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तिघी मिळून आम्ही बरंच बोललो. शालनचे डबे आता तळेगावच्या कंपन्यांत जातात, ती संध्याकाळी येणार होती. रेश्मानं बाईंना कुशीवर वळवलं, पाठ पुसली, पावडर लावली, आणि त्यांनी ते सगळं करू दिलं.

त्या दोघी गेल्यावर मी खुर्ची खाटेजवळ ओढली. वाटलं, बाई आता तरी सुखावल्या असतील, आता तरी काहीतरी मऊ बोलतील.

"त्यांना माहीत होतं," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "शालन उभी राहून बोलली असती."

"बोलली असती, बाई."

बाहेर ट्रॉली खडखडत गेली.

"कांताच्या पोरीला शाळेत घातलं होतं का गं आपण?"

"नाही. राहिलं."

"कुठे असते ती आता?"

ती ताडपत्री होती तिथे आता बंगला उभा आहे, पोहण्याच्या तलावासकट. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. हे मी बाईंना सांगितलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणाले.